नववा शब्द

बर्लिन,
७ जानेवारी २०२४

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

अक्षर पाहून तुम्ही लिफाफा दोनदा उलटसुलट केला असेल. हो, मीच आहे, धम्मपाल. आई जाऊन आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून आपण फोनवर "जेवण झालं का"च्या पुढे गेलो नाही, आणि तेवढंही रत्नाताई मध्ये असली तरच. पत्र लिहायला कारण हवं होतं, ते आता मिळालं.

मी काय काम करतो, असं तुम्ही ताईला विचारलंत म्हणे आणि तिने "कंप्युटरचं" एवढंच सांगितलं. आम्ही क्रिप्टो नाणी ठेवायचं पाकीट बनवतो. पाकीट म्हणजे मोबाइलमधलं सॉफ्टवेअर. ते कोणाच्या मालकीचं नाही, त्याचा कोड जगातला कोणीही वाचू शकतो, त्यातली चूक दाखवू शकतो. बँकेत पैसे असले तर पासबुक हरवलं तरी बँक ओळखते. इथे बँकच नाही. किल्ली हरवली की सगळं गेलं. ही किल्ली म्हणजे शब्दांची ओळ असते.

आम्ही आता नवी सोय करतोय. किल्लीच्या तीन चिठ्ठ्या करायच्या आणि तीन विश्वासाच्या माणसांकडे ठेवायच्या. त्यांतल्या कोणत्याही दोन एकत्र आल्या की पाकीट उघडतं. एका चिठ्ठीचा एकटीने काही उपयोग नाही. साधी माणसं असा कागद महिनोन्महिने सांभाळू शकतात का, हे तपासायचं आहे. टीममधल्या प्रत्येकाने आपापली तीन माणसं निवडायची होती. इथल्यांना बराच विचार करावा लागला, मला लागला नाही. एक चिठ्ठी तुम्हाला, एक आसेगावला ताईला आणि एक पोहरादेवीच्या सेवालालला. तो माझा शाळेपासूनचा दोस्त, हे तुम्हाला सांगायला नको.

चिठ्ठीवर वीस शब्द आहेत आणि खाली नियम आहेत. नियम मीच लिहिलेत. पाकिटात फक्त चाचणीची खोटी नाणी आहेत, तेव्हा काळजी नको. वर्षाअखेरीस मी चिठ्ठी मागेन.

तब्येत सांभाळा.

तुमचा,
धम्मपाल


इंझोरी,
११ मार्च २०२४

चि. धम्मपाल यास,
जयभीम.

लिफाफा मिळाला. अडतीस वर्षं दुसऱ्यांचे लिफाफे वाटले, माझ्या नावाचा पहिल्यांदाच परदेशातून आला. नवीन पोरगं आता टपाल आणतं, ते अंगणातूनच फेकून जाणार होतं. त्याला थांबवलं आणि हातात घेतलं.

तुझं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं आहे म्हणतोस, चांगलं आहे. पण "सार्वजनिक" अशी पाटी असलेल्या विहिरीवर तुझ्या आजीला पाणी भरू देत नव्हते, हे ध्यानात असू दे. पाटी लावून काही खुलं होत नाही, माणसाला करून दाखवावं लागतं.

चिठ्ठी वाचली. नियमही वाचले: "ही चिठ्ठी फक्त मालकाच्या हातात द्यावी. फोटो काढू नये. फोनवर वाचून दाखवू नये." नियम चांगले आहेत, खात्यात असतास तर वर चढला असतास. नियमामुळे शब्द इथे लिहीत नाही, पण उत्तर द्यायला हरकत नसावी.

पहिला शब्द वाचून हसलो. अजून आहे, गंजलीय. चौथा विकला, जागा अडवत होता. सहाव्याची कृती तुझी आई सोबत घेऊन गेली, रत्नाला जमत नाही, मीठ चढवते. आणि नववा. नवव्यावर मी बरेच दिवस अडून राहिलो, म्हणून पत्राला उशीर झाला. त्याचं उत्तर असं की तो आहे तिथंच आहे. कोणी अडवणार नाही. झालं ते झालं.

समोरासमोर विचारायला तुला जड गेलं असेल म्हणून असं आडून विचारलंस. मीही तुझाच बाप आहे, मलाही असंच जमतं.

चिठ्ठी आईच्या डब्यात ठेवली आहे.

तुझा,
बाबा


बर्लिन,
६ एप्रिल २०२४

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. एक गैरसमज झालाय, तो आत्ताच दूर केलेला बरा. चिठ्ठीतले शब्द मी निवडलेले नाहीत. यंत्र निवडतं. एक हजार चोवीस शब्दांची यादी असते, त्यातून ते डोळे मिटून वीस उचलतं. तसं नसेल तर चोराला अंदाज बांधता येईल. तुमच्याकडे कोणते वीस गेले हे मलाही माहीत नाही, छापताना मी पाहिले नाहीत. नववा कोणता हेही माहीत नाही.

तेव्हा मी आडून काही विचारलेलं नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून लिहितोय.

अक्षर या वेळी फार वरखाली झालंय, ओळी एकमेकींवर चढल्यात. घाईत होतात का? रागात होतात की काय, असंही एकदा वाटून गेलं.

तुमचा,
धम्मपाल


बर्लिन,
१९ ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

एप्रिलच्या पत्राला उत्तर आलं नाही. ताई म्हणते तुम्ही ठीक आहात.

चिठ्ठ्या मागायची वेळ आली. ताईचा किस्सा ऐका. मागितल्याबरोबर तिने दोन मिनिटांत फोटो पाठवला, वर अंगठा दाखवणारं चित्र! म्हणजे चाचणीत नापास. फोटो निघाला की ती चिठ्ठी फुटलीच म्हणायची. तरी तिचा कागद मी चालवून घेणार आहे, कारण सेवालालची चिठ्ठी हातची गेली.

त्याने ती आपल्या आईकडे, गोमतीबाईंकडे, सांभाळायला दिली होती. त्यांनी काय केलं असेल? कशिद्याच्या पिशवीत अस्तराच्या आत घालून चारही बाजूंनी शिवून टाकली, वर आरसे लावले. आणि लेकीच्या, चंदाच्या, लग्नात ती पिशवी तिला दिली. सेवालाल फोनवर डोकं धरून बसला होता, मागून गोमतीबाईंचा आवाज येत होता, "जपून ठेवाले सांगतलं ना तुमी? मंग ठेवली जपून! आता लेकीची पिशवी उसवू काय मी?" चूक त्यांची नाही. नियमात "शिवू नये" असं मी लिहिलंच नव्हतं.

म्हणजे ताईची आणि तुमची, एवढ्या दोनच राहिल्या. तुमची आली नाही तर पाकीट उघडणार नाही. तुम्ही ताईकडे द्या, ती फोटो काढून पाठवेल. नियम मोडतोय हे मान्य, पण नाणी खोटीच आहेत. मार्चमध्ये हे पाकीट लोकांसाठी खुलं करायचं आहे, त्याआधी चाचणी पुरी व्हायला हवी.

तुमचा,
धम्मपाल


इंझोरी,
१६ नोव्हेंबर २०२४

चि. धम्मपाल यास,
जयभीम.

चिठ्ठी सुरक्षित आहे. पाठवता येणार नाही.

कारण लिहितो. नोकरीला लागून आठ-नऊ वर्षं झाली असतील. तांड्यावरच्या रामीबाईच्या नावाने रजिस्टर पत्र आलं. ती निंदायला गेली होती. तिच्या दिराने सही करतो म्हटलं आणि मी दिलं. नियमात बसत नव्हतं, पण ऊन होतं, सायकल पंक्चर होती आणि पुढे आणखी दोन गावं होती. पत्र तिच्या नवऱ्याचं होतं. तो सुरतेकडे कामाला गेला होता, खोली घेतली आहे, ये, असं लिहून पत्ता दिला होता. दिराने ते तिला दाखवलं नाही. घरातलं काम करणारे दोन हात कमी झाले असते ना.

पुढची दोन वर्षं ती दर बाजाराच्या दिवशी यायची. "बाबू, माही चिठ्ठी आली काय?" मी नाही म्हणायचो. पहिलं पत्र तिला मिळालंच नाही हे मला माहीत नव्हतं, पुढचं विचारते असं समजून सरळ तोंडाने नाही म्हणायचो. कळलं तेव्हा तिकडे त्याने दुसरी ठेवली होती. रामीबाई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ज्याच्या नावाचं ते त्याच्याच हातात, मग तीन फेऱ्या मारायला लागल्या तरी चालेल. हे मी रिटायर होईपर्यंत पाळलं. आता मुलाच्या कागदासाठी मोडू?

तुझ्या नियमात "मालकाच्या हातात" असं लिहिलं आहे. तू मालक आहेस. मी इथे आहे.

यंत्राने शब्द निवडले हे कळलं. कळायला थोडे दिवस लागले.

तुझा,
बाबा


बर्लिन,
४ डिसेंबर २०२४

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

रामीबाईंचं मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं. पण ते खरं पत्र होतं हो, त्यात एका बाईचा संसार होता. तुमच्या डब्यातल्या कागदात काहीच नाही! पाकिटात तीन खोटी नाणी आहेत, त्यांत चहासुद्धा येणार नाही. त्यासाठी मी रजा घेऊन, विमानाने, मग रेल्वेने, मग एस.टी.ने इंझोरीला यायचं?

टीममधल्या बाकी सगळ्यांच्या चाचण्या झाल्या. माझी एकट्याची अडकलीय, ती माझ्याच घरात. मुलाचं काम कधी तरी सोपं करा बाबा. एकदा तरी.

आणि यायचं म्हटलं तरी, कोणत्या तोंडाने येऊ? तुम्ही काय म्हणाला होतात ते तुम्ही विसरला असाल, मी विसरलेलो नाही.

धम्मपाल


आसेगाव,
१७ डिसेंबर २०२४

प्रिय धम्मा,
जयभीम.

मी पत्र लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. अंगणवाडीचे तक्ते भरून हात दुखतो, वर हे. पण फोनवर बोलले असते तर रडले असते आणि तू "नेटवर्क गेलं" म्हणून ठेवून दिला असतास.

तुझं पत्र बाबांनी मला वाचायला दिलं. का दिलं, ते ऐक. त्यांना वाचता येईना. अकोल्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय, त्याला आता दीड वर्ष झालं. डावा डोळा गेला. उजव्याने मधला रुपयाएवढा भाग दिसतो, तोही आक्रसत चाललाय. थेंब टाकते, पण गेलेलं परत येत नाही म्हणाले. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला आईची शपथ घातली. ती शपथ आज मोडली. फोटो काढून तुझ्या परीक्षेत नापास झालेच आहे, आता यातही नापास कर.

ओळी वर चढतात त्या रागाने नाही रे बाबा. त्यांनी पुठ्ठ्याला ओळीएवढ्या खाचा पाडल्यात, तो कागदावर ठेवून एकेक अक्षर काढतात. पुठ्ठा सरकतो. तुझं एक पानाचं उत्तर लिहायला त्यांना चार-पाच दिवस लागतात. मी लिहून देते म्हटलं, तर "टपाल ज्याचं त्यानं लिहावं" म्हणाले.

तुझी चिठ्ठी आली तेव्हा काय सांगू! ओट्यावर बसून एक एक शब्द उजेडाला धरून वाचत होते. मला म्हणाले, "पोरगं बोललं रत्ना. बोललं एकदाचं." मग तुझं ते यंत्राचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मंग मी कोणाले उत्तर देलं?" आणि दोन महिने डबा उघडला नाही. आता परत उघडतात. शब्द पाठ झालेत, तरी काढून बघतात.

आई गेली तेव्हा विमानं बंद होती, यात तुझा दोष नव्हता. चार महिन्यांनी तू येतो म्हणालास आणि ते ओरडले, "आता कायले येतं? माह्या घराचा उंबरठा चढू नको!" ते वाक्य ते विसरलेत असं तुला वाटतं? रोज ते वाक्य घेऊन उठतात. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, दोघांचाही. ते सांगणार नाहीत की डोळे जायच्या आत तुझं तोंड बघायचंय. त्यांना नियम सापडला, नियमाआड बसलेत.

आता काय करायचं ते तू ठरव. मी सांगून मोकळी झाले.

तुझी,
रत्नाताई


बर्लिन,
२ मार्च २०२५

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

ताई हे वाचून दाखवत असेल. ताई, जिथे रडू येईल तिथे थांबू नकोस, सलग वाच.

पोहोचलो. इथे अजून थंडी आहे. तुम्ही दिलेली तूर कस्टमवाल्याने बाहेर काढून पाहिली, वास घेतला आणि परत ठेवली.

बाबा, इंझोरीला बारा दिवस होतो आणि जे बोलायचं होतं ते सोडून सगळं बोललो. म्हणून पुन्हा कागद.

मी अंगणात उभा होतो, तर तुम्ही दारातून म्हणालात, "उजेडात ये." मग माझ्याकडे तुकड्यातुकड्यांनी पाहिलंत. आधी कपाळ, मग कान, मग हनुवटी. हनुवटीवरचा लहानपणचा व्रण सापडेपर्यंत मान हलवत राहिलात. तो सापडल्यावर म्हणालात, "हा तूच." मला वाटलं आता जवळ घ्याल. तर तुम्ही वहीचं पान पुढे केलंत, रेघा मारून केलेली पोचपावती. मालकाची सही, तारीख. सही झाल्यावरच डबा उघडला. मला हसू येत होतं.

ओट्यावर बसून तुमचे वीस शब्द आणि ताईचे वीस शब्द घातले आणि पाकीट उघडलं. आत तीन खोटी नाणी. तुम्ही विचारलंत, "यासाठी आला काय तू एवढ्या लांबून?" मी हो म्हणालो. बाबा, ते खोटं होतं. तुम्हालाही ते माहीत होतं, कारण तुम्ही लगेच चहा ठेवायला उठलात.

आता शब्दांचं. ती किल्ली मी बाद केली, म्हणून लिहायला हरकत नाही. तुमच्या चिठ्ठीत होतं: सायकल, चिमणी, ताट, वखर, कंदील, लोणचं, पाऊल, बाभूळ, उंबरठा. नववा तिथे, तुमच्यासमोर, पहिल्यांदा वाचला. मग ताईकडे बघून पुढचा शब्द टाइप केला.

यंत्राने निवडले हे मी लिहिलं ते खरंच आहे. पण एक गोष्ट सांगायची राहिली. या पाकिटाला मराठी यादी नव्हती. ती एक हजार चोवीस शब्दांची यादी मी केली. इथे कपडे धुवायच्या दुकानात यंत्र फिरून थांबेपर्यंत तासभर बसावं लागतं, तिथे वही घेऊन बसायचो. वर्षभर, दर शनिवारी. माझ्या जवळ मराठी बोलणारं कोणी नाही. शब्द आठवायचे म्हणजे घरात फिरायला लागायचं. ओट्यावरून निघायचो, चुलीपाशी जायचो, आईच्या फळीवरचे डबे एकेक करून उघडायचो, तुमच्या सायकलची घंटी, थैली, पंप, सगळं लिहायचो. शेवटी एक शब्द कमी पडत होता. दोन शनिवार तो सुचला नाही. खरं तर सुचला होता, लिहवत नव्हता. तिसऱ्या शनिवारी लिहिला. उंबरठा.

तुमच्या चिठ्ठीत तो आला ही यंत्राची करणी. पण यंत्राच्या पिशवीत तो मी टाकला होता. तेव्हा तुम्ही उत्तर यंत्राला दिलं नव्हतं बाबा. मलाच दिलं होतं, आणि ते मला मिळायला अकरा महिने लागले.

कामाचंही सांगतो. चाचणीचा अहवाल सगळ्यांना दिसेल असा लावावा लागतो. मी लिहिलं, "एका राखणदाराने मागूनही चिठ्ठी पाठवली नाही." इथल्या एकीने विचारलं, हा सॉफ्टवेअरचा दोष समजायचा का? मी उत्तर दिलं, "नाही. सगळ्या चाचणीत नियम पाळणारा तोच एक होता."

काल पाकीट लोकांसाठी खुलं झालं. मराठी यादीसकट.

दारात उभे राहून तुम्ही मला वळणापर्यंत पाहत होतात. तुम्हाला तेवढ्या लांबचं दिसत नाही, हे मला माहीत होतं. मी तरी हात हलवत राहिलो.

तुमचा,
धम्मपाल


इंझोरी,
३० मार्च २०२५

चि. धम्मपाल यास,
जयभीम.

पत्र मिळालं. पोच देत आहे.

रत्ना दोन ठिकाणी थांबली. मी तिला सांगितलं, सलग वाच म्हटलंय त्याने.

वळणापर्यंत तू दिसला नाहीस, पण शर्टाचा पांढरा रंग थोडा वेळ होता. हात हलवत होतास हे आता कळलं. मीही हलवला होता.

डबा रिकामा आहे. तो रिकामा बरा दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, हे वर्ष आणि पुढचं वर्ष थोडं थोडं दिसेल. तेव्हा दुसरी चाचणी लवकर ठेव. चिठ्ठी पाठव, मी सांभाळतो. यंत्र कोणते शब्द टाकतं ते टाकू दे, माझी काही तक्रार नाही.

फक्त नियम बदलू नकोस.

तुझा,
बाबा